राहूचे मामा आणि अकरा लाल टोप्या

लहान मुलांना घेऊन फिरायला जाताना सोबत नेऊ नये असा पुणे जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे आमचे राहू गावचे मामा. आमच्या घरातलं एकही मूल मात्र त्यांच्याशिवाय कुठे जायला तयार नसतं. ते ह्यांचे सख्खे मामा, म्हणजे माझे मामेसासरे. मुलं त्यांना आबा म्हणतात, बाकी सगळं गाव मामाच म्हणतं. त्यांचं खरं नाव मी लग्नानंतर नऊ वर्षांनी एका पत्रिकेवर वाचलं आणि ‘हे कोण?’ असं विचारून हसं करून घेतलं. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. मामांच्या वाट्याला ऊस आला, पण चाल मेंढपाळाचीच राहिली. सत्तरी ओलांडली तरी ते कळपाच्या मागून चालल्यासारखे चालतात, सावकाश, मान किंचित तिरकी ठेवून, कुठलाही आवाज न करता. मामा-मामींना मूलबाळ नाही. सुट्टी लागली की शिरूरहून आणि तळेगाव ढमढेऱ्याहून आम्ही सगळ्या घरांतली मिळून अकरा पोरं घेऊन भीमेवरचा पूल ओलांडतो. जीपमधून ती उतरायला लागली की मामा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभे राहतात, कोणाच्या डोक्यावरून हात फिरवत नाहीत, नुसते बघतात आणि म्हणतात, “आली का माझी मेंढरं?”

सहलींची आखणी घरात माझ्याकडे आहे. माझी एक वही आहे. तिच्यात स्वेटर, पाण्याच्या बाटल्या, उलटीच्या पिशव्या, कोणाला दही चालत नाही, कोणाला गाडी लागते, सगळं लिहिलेलं असतं. माझ्या दृष्टीने मुलांची मजा म्हणजे झोका, आइस्क्रीम, दोन फोटो आणि साडेपाचला घरी. मामांच्या दृष्टीने ओरडणाऱ्या मुलाला अजून मजा आलेलीच नसते. “पोरगं गप झालं म्हंजी त्याला कायतरी घावलं,” असं ते म्हणतात. त्यामुळे त्यांच्या सहलीवरून मुलं परतताना जीपमध्ये जी शांतता असते, तिला मी अजून सरावलेले नाही.

एकदा कवठे येमाईवरून पुढे कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे दाखवायला गेलो. भर दुपार, काळा खडक तापलेला, आणि पाण्याने हजारो वर्षं कोरलेली ती खोल तोंडं. मी मुलांना कडेपासून चार फूट मागे उभं करून माहिती सांगत होते. मामांनी त्यांतल्या एका उथळ, कोरड्या खळग्यापाशी मुलांना पालथं झोपवलं आणि कान लावायला सांगितला. “आत कोन हाय, आयका.” पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग पुतण्या उठला आणि म्हणाला, “कोणीतरी भात शिजवतंय.” दुसरी म्हणाली, “नाही, कोणीतरी आपल्यालाच ऐकतंय.” मामांनी मान डोलावली, दोन्ही उत्तरं बरोबर असल्यासारखी. मोराच्या चिंचोलीला त्यांनी सगळ्यांना चिंचेखाली डोळे मिटून बसवलं. मी डोळे मिटले नव्हते. एकही मोर आला नाही, हे मी शपथेवर सांगू शकते. पण उठल्यावर सहा मुलांनी वेगवेगळं येऊन मला सांगितलं की पायावरून पिसारा गेला, आणि सहाही जणांनी डावाच पाय दाखवला. दौंड स्टेशनात मालगाडी दाखवली तर शेवटचा डबा जाईपर्यंत कोणाला हलू दिलं नाही. “शेपूट बघितल्याबिगर फिरू नका. न्हाईतर ती सपत न्हाई, डोस्क्यात चालत ऱ्हाती.” त्या दिवशी मला पाणी आणायला मध्येच जावं लागलं होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरीही ती गाडी माझ्यापुरती अजून चाललेली आहे.

प्रत्येक मुलाला मामांनी वेगळं नाव दिलेलं आहे, मेंढराला द्यावं तसं, दिसण्यावरून. माझी धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते. तिच्या ओवीच्या कपाळावर तीळ आहे, म्हणून ती टिकली. एक भुऱ्या आहे, एक कान्या आहे. मामींनाही नाव आहे. “मला बुजरी म्हनत्यात,” मामी सांगतात. “पन्नास वर्सं झाली, आजून बुजायचं ऱ्हायलंच हाय.” या नावांमागे नियमही आहे. पाण्याकाठी, उसात आणि भर दुपारी मुलांना शाळेतल्या नावाने हाक मारायची नाही, आणि कोणी मारलीच तर मुलांनी ओ द्यायची नाही. “का?” असं मी एकदा विचारलं. मामा म्हणाले, “खरं नाव समद्यास्नी ठावं असतं, सूनबाई. हे फकस्त आपल्याला.”

पण आमचं खरं भांडण मोजण्यावरून. मी दर अर्ध्या तासाला मुलं मोजते. मामांना हे अजिबात खपत नाही.

“जित्या जिवाला आकडा लावू न्हाई. आकडा लागला की ते कमी व्हायला बगतं.”

“मग एखादं हरवलं तर कळायचं कसं?”

“बगायचं. तुमी सैपाकघरात गेल्यावर भांडी मोजता व्हय? पातेलं जाग्यावर नसलं तर कळतंच की.”

मी भांडीही मोजते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत आम्ही हुरडा खायला गेलो. त्या हिवाळ्यात त्या भागात बिबट्याची बातमी रोजचीच होती. मामांनी तर बांधावर उमटलेल्या एका पंजावर घमेलं उपडं घालून तो चार दिवस जपला होता, मुलांना दाखवायला. मी म्हणूनच जय्यत तयारी केली होती. तळेगावच्या बाजारातून एकसारख्या लाल माकडटोप्या घेतल्या होत्या, लांबून ओळखू याव्यात म्हणून, आणि एक लांब सुती दोरी घेतली होती, सगळ्यांनी धरून चालायला. सकाळी साडेसातला नदीवरून असं धुकं आलं की गोठ्यातून विहीर दिसेना. घरापासून ज्वारीच्या तुकड्यापर्यंतची वाट दोन उसांच्या मधून जाते. पुढे मामा आणि मी, मागे दोरीला पोरं, आणि शेवटी हे, अशी रचना मी ठरवली होती. निघताना ह्यांना कंपनीतून फोन आला आणि हे गोठ्यापाशीच थांबले. मी म्हटलं, दोनशे पावलांचा तर प्रश्न आहे. रानात पोचल्यावर मी टोप्या मोजल्या. अकरा. जाऊ आधीच पुढे जाऊन चटण्या मांडत होती. तिला मी लांबूनच अंगठा दाखवला.

आगटी पेटलेली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजली जात होती, मामा ती हातावर चोळून दाणे पाखडत होते, आणि पोरं धुरात गोल बसून खात होती. टोप्यांतून नुसते डोळे आणि तोंडं दिसत होती. मध्येच मामांचा हात थांबला. त्यांनी त्या गोलावरून एकदाच नजर फिरवली.

“टिकली कुठं हाय?”

“मामा, सगळे आहेत. अकरा. मी मोजलेत.”

“आकरा आसतील. टिकली न्हाई.”

मी हसलेच होते. मग मी एकेकाची टोपी वर करायला लागले. दहा टोप्यांखालून आमची मुलं निघाली. अकराव्या टोपीखाली एक चेहरा होता, आणि तो मी आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता. सहा-सात वर्षांचं पोर. मुलगा की मुलगी, मला आजही सांगता येणार नाही. ओठांना राख, मुठीत हुरडा. ते घाबरलेलं नव्हतं. बोलावणं त्याला होतं आणि मीच आगंतुक आहे, असं ते माझ्याकडे बघत होतं.

जाऊ “ओवी!” म्हणून किंचाळली आणि उसाकडे धावली. मीही धावले. आम्ही दोघी हाका मारत होतो आणि धुकं त्या हाका गिळत होतं. कुठूनही उत्तर येत नव्हतं. उसाच्या वाळलेल्या पाल्याचा, पाचटाचा आवाज झाला की दोघीही एकदम गप्प व्हायचो, कारण पाचटात कोण चालतंय हे आवाजावरून कळत नाही.

“गप!” मामा मागून आले. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढा आवाज पहिल्यांदाच ऐकला. “नावानं हाका मारू नका. ती वो द्यायची न्हाई. म्याच शिकवलंय तिला.”

जाऊने त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. “मामा, माझ्या पोरीला काही झालं ना,” ती म्हणाली आणि पुन्हा उसाकडे वळली.

मामांनी चपला काढल्या. उसाच्या कडेने थोडं चालत गेले, थांबले, जिभेने टाळूवर आवाज काढला, मेंढरांना बोलावताना काढतात तसा, आणि अगदी हळू, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, “टिकले. ए टिकले. चल, हुरडा निवतोय.”

“ओ, आबा,” असा आवाज आला. आमच्यापासून दहा पावलांवरून.

ओवी तिसऱ्या सरीत बसली होती, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून, लाल टोपी डोक्यावरच, एका पायात बूट नाही. बूट चिखलात रुतला म्हणून तिने दोरी सोडली होती, आणि मग दोरी पुढे गेली. हरवलेल्याने चालायचं नसतं, बसायचं असतं, हेही तिला आबांनीच शिकवलेलं होतं. जाऊने तिला उचलून घेतलं आणि विचारलं, “मी इतक्या हाका मारल्या, ऐकू नाही आल्या का गं?”

“आल्या ना,” ओवी म्हणाली. “पण तू दोन्हीकडून हाका मारत होतीस.”

“दोन्हीकडून म्हणजे?”

“इकडून पण. आणि तिकडून पण.” तिने उसाच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिकडे आमच्यापैकी कोणीही गेलेलं नव्हतं.

आगटीपाशी परत आलो तर ते पोर गेलेलं होतं. मुलांना विचारलं, कधी गेलं, तर कोणी पाहिलं नव्हतं. पलीकडे ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, होत्या. आरडाओरडा ऐकून हे गोठ्यापासून आले होते, ते धावत जाऊन विचारून आले. तिथल्या बायकांनी आपापली पोरं दाखवली. सगळी जागेवर होती, आणि लाल टोपी कोणाकडेच नव्हती. ह्यांचं म्हणणं, त्या भागात बाजाराला येणाऱ्या कोणाचंही असेल, टोप्या काय आपल्यालाच विकल्या नाहीत. बरोबरच आहे. मीही तसंच म्हणते.

“आसंल कुनाचं तरी,” मामा म्हणाले. “भुक्यालं हुतं, खाऊन गेलं.” आणि त्यांनी दोन कणसं जास्तीची भाजली, दाणे एका पानावर काढले आणि ते पान बांधावर ठेवून दिलं. घाबरून नाही, नैवेद्य म्हणूनही नाही. पंगतीतून कोणी अर्धवट उठून गेलं तर ताट झाकून ठेवतात ना, तसं.

परतीच्या वाटेवर जाऊने जाहीर केलं की आपली मुलगी पुन्हा राहूला येणार नाही. “असले नियम शिकवतात पोरांना! आईला ओ द्यायची नाही म्हणे!” मामींबरोबर घरी थांबलेल्या बाकीच्या आयांनीही माना हलवल्या. मी जीपमध्ये पुढे बसले होते. टोप्या माझ्या, दोरी माझी, मोजणी माझी. ह्यांना मागे सोडून पुढे जायचा निर्णयही माझाच. मी बाहेर बघत बसले.

त्यानंतर राहूची सहल बंद झाली. मामांनी एका शब्दाने विचारलं नाही. मुलांना आम्ही कृषी पर्यटन केंद्रावर नेलं. तिथे मनगटाला पट्टे बांधतात, बैलगाडीतून चक्कर मारतात, आणि प्रत्येक मूल दिवसभर मनसोक्त ओरडतं. साडेपाचला आम्ही घरी होतो. माझ्या वहीप्रमाणे सगळं उत्तम झालं. येताना जीपमध्ये सगळी मोबाइलसाठी भांडत होती.

दोन्ही हिवाळे मामांनी बाजाराच्या दिवशी तळेगावला येणाऱ्या जीपवाल्याबरोबर हुरडा पाठवला. भाजून, चोळून, धोतराच्या फडक्यात बांधून. या जानेवारीत तो आला तेव्हा ओवीने मूठभर तोंडात टाकला आणि ती म्हणाली, “थंड हुरडा म्हणजे नुसती ज्वारी.” आणि तिने फडकं पुन्हा नीट बांधून ठेवलं.

त्या संध्याकाळी मी जावेला तिच्या स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, “मला एक सांगायचंय. त्या दिवशी चूक मामांची नव्हती. माझी होती.”

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. “माहितीय मला, ताई. मोजून अंगठा तुम्हीच दाखवला होता की.”

“मग?”

“तुम्हाला बोलले असते तर शेजारी राहून रोज तोंडं कशी बघितली असती? ते लांब राहतात. त्यांना बोलणं सोपं होतं.” तिने पोळी तव्यावर टाकली आणि बराच वेळ ती उलटलीच नाही. “त्यांनी तिला बाहेर काढलं आणि मी त्यांना पाणीसुद्धा न विचारता निघून आले, ताई. रविवारी ह्यांना सुट्टी आहे.”

मी मामांना फोन लावला. म्हटलं, रविवारी येतोय, सगळे.  पलीकडून मामींचा आवाज आला, “कोन हाय वो?” आणि त्यांना उत्तर न देता मामा मला म्हणाले, “टिकलीची आई येनार हाय का?”

“तीच म्हणाली, जाऊ या.”

 

“मंग तिला म्हनावं जरा उन्हं वर आल्यावर निगा,” मामा म्हणाले. “आवंदा धुकं लई हाय. आमी थांबतो. तुमी आल्याबिगर आगटी पेटवत न्हाई.”