फक्त बघायला लावलेली चाकं

बाबांची जुनी जीप नीट करायला बाबा आणि मी चाकूरहून नांदेडच्या गॅरेजला गेलो. मूळची सोळा इंची चाकं ठेवायची की पंधरा इंची रुंद टायरांची घ्यायची, हे माझं महिनाभर ठरत नव्हतं. शेवटी मिस्त्री म्हणाला, "लावून तर बघा."

रुंद चाकं लावली, तर मडगार्डच्या चार बोटं बाहेर आली. अगदीच बेंगरूळ. मी म्हटलं, "काढा." मिस्त्री पाना घेऊन वळतो तोवर समोरच्या हॉटेलातून चहा पिऊन बाबा आले, हातात नारळ. मी "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत चारी चाकांना हळदकुंकू लागलं आणि नारळ फुटलासुद्धा.

"बाबा, ही नुसती बघायला लावलीत!"

"पूजा झालेलं चाक काढत न्हाईत."

मिस्त्रीनंही मान डोलावली आणि पाना ठेवून दिला. मग काय, चाकांसाठी चांगली मडगार्डं कापली, वर पत्र्याची रुंद झालर जोडली.

आता जीप पुरती वळवली की टायर करकर घासतं. शेजारी बसलेले बाबा दर वेळी म्हणतात, "लावायच्या आधी माप तरी घ्यायचं होतंस!"