एका पातेल्यातलं जेवण

मुलीला दूध-तूप सोसेनासं झालं, म्हणून तिच्यासाठी वेगळं न रांधता मी सगळ्यांचंच एका पातेल्यात, नुसत्या तेलावर शिजवायचं ठरवलं. खाली बटाटे, मग वांगी, कच्ची केळी, तुरीचे हिरवे दाणे, प्रत्येक थरावर शेंगदाण्याचं कूट आणि ठेचा, वरून तेल. झाकण ठेवलं की मंद आचेवर आपलं आपण होतं. कोरीट गावातल्या आमच्या घरात त्या दिवशी लग्नानंतर पहिल्यांदा मी सगळ्यांसोबत ताट घेऊन बसले.

पहिला घास उचलला तोच सासरे म्हणाले, "भाकर कोठे शे?"

आमच्याकडे भाकरी तव्यावरून थेट ताटात पडावी लागते. नवरा माझ्याकडे बघत राहिला. त्याला हात नव्हते जणू. मी उठले आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापत बसले. परतले तर पातेल्याच्या बुडाला करपलेली खरवड तेवढी उरली होती आणि सगळे म्हणत होते, सोपं आहे, रोज करत जा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पातेलं चढवलं. आधी मी आणि मुलगी पोटभर जेवलो, मग सगळ्यांना हाक मारली. सासऱ्यांनी पुन्हा भाकर विचारली.

"पीठ डबामा शे," मी म्हटलं, "परात फळीवर शे."