कॅज्युअल म्हणजे सुट्टी नव्हे

शैलामावशी गेल्याचं तिच्या मुलाच्या मेसेजवरून कळलं. ‘मम पास्ड अवे धिस आर्व्हो.’ आर्व्हो म्हणजे इथल्या बोलीत दुपार. मी शिफ्टला निघालो होतो. त्याला मराठी लिहिता येत नाही, त्यात त्याचा दोष नाही. पण मावशीचं जाणं मराठीत कळायला मला जरा वेळ लागला... हार्ट अटॅक. लॉकडाउनमुळे अंत्यविधीला मोजकीच माणसं. मी नात्यातला नव्हतो, म्हणून सिडनीत, टूनगॅबीच्या माझ्या घरी बसून मोबाइलवर तिला निरोप दिला.

मी दहावी नापास. तळेगावला गुलाबाच्या पॉलिहाउसमध्ये नऊ वर्षं काढली. बायको, मीनल, नर्सिंगला सिडनीला आली आणि तिच्या व्हिसावर मी. इथे फॉर्मवर शिक्षणाचा रकाना आला की माझा हात थांबायचा. मावशी भेटली जवळच्या पेंडल हिलच्या भारतीय दुकानात. मी मेथीची जुडी उलटी करून मुळं बघत होतो. मागून आवाज आला, “भाजी घेतोयस की सून पसंत करतोयस?” पुढे ती काम करायची त्या वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत एक परमनंट जागा निघाली, तेव्हा तिने मॅनेजरकडे माझं नाव सुचवलं.

नेमकं त्याच आठवड्यात दुसरीकडूनही बोलावणं आलं. सिडनीपासून चार तासांवर एक काचघर होतं. औषधासाठी गांजा पिकवायचं, रीतसर परवान्याचं. फोनवर त्यांनी ठिबक विचारलं, पानांवरचा भुरी रोग कसा ओळखतोस ते विचारलं. मला सगळं येत होतं. दहावीचं कुणी विचारलंच नाही. पुढे मुख्य ग्रोअर होशील, म्हणाले. मी तरंगतच मावशीकडे गेलो.

“आईला काय सांगणार, गांजा लावतोय?”

“औषधाचा आहे गं.”

“मग सांग खुशाल. परमनंट की कॅज्युअल, तेवढं बोल.”

“कॅज्युअल,” मी ऐटीत म्हणालो. “म्हणजे सुट्ट्यापण आल्या.”

माझे काका जिल्हा परिषदेत होते. ‘आज कॅज्युअल टाकलीय’ म्हणून ते घरी बसायचे, तेवढाच मला या शब्दाचा अर्थ माहीत. मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, मग एकदम गंभीर झाली. “वेड्या, इथे कॅज्युअल माणसाला पगारी सुट्टी नसते. आजारी पडलास तर पगार नाही. काम कमी झालं की उद्यापासून येऊ नको. आणि मीनलला सातवा लागलाय.”

“मग काय, आयुष्यभर लोकांच्या चादरी धुऊ?”

“ते तू ठरव. हातातली कला सोडायला सांगतेय, हे कळतं मला.”

मी दोन दिवस विचार केला. काचघराला फोन करून विचारलं, परमनंट कराल का? “मेबी नेक्स्ट सीझन, मेट.” मी नाही म्हणालो आणि लाँड्री धरली.

काही महिन्यांत करोना आला. मुलगी महिन्याची होती आणि मी संसर्ग झालेल्या सहकाऱ्याजवळ काम केलं म्हणून चौदा दिवस घरात. पगार चालू राहिला. शेजारचा कॅज्युअल पोरगा रोज शिफ्टच्या मेसेजची वाट बघत जिन्यात बसायचा. मावशी दाराशी अळिवाचे लाडू ठेवायची, बेल वाजवून पळायची. ते काचघर पुढे बुडालं असतं, तर ही गोष्ट लिहायला सोपी झाली असती. ते उत्तम चाललंय म्हणतात. झाडांची आठवण येते, अजूनही... पण निर्णय माझा बरोबर होता. एवढं ठामपणे मी आयुष्यात फार कशाबद्दल बोललो नाही, आणि ते बळ मावशीचं.

लाँड्रीत मोठ्या चादरींची घडी दोघांनी घालायची असते. घडीआधी मावशी “झटक” म्हणायची आणि आम्ही दोन्ही टोकांनी एकदम झटकायचो. आता तिच्या टोकाला टोंगा बेटांवरचा सिओने असतो; आमचं ‘झटक’ त्याने शेजारच्या टेबलावरून रोज ऐकलेलं. ती गेल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही. काल सिओनेने टोकं धरली आणि मास्कमधून म्हणाला, “झटाक, मेट.”

मी झटकली.