फिनलंडवाले तात्या

नेकनूरकडच्या आमच्या गावात दूध सोसायटीची कुठलीही सभा फिनलंडला जाऊन आल्याशिवाय संपत नसे. विषय पेंडीचा असो की फॅटचा, चेअरमन तात्या त्या देशाच्या एका जुन्या राष्ट्राध्यक्षावर यायचेच. कुठल्याशा मासिकात त्यांनी त्याची गोष्ट वाचली होती. त्याचं नाव काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून गावाने तात्यांनाच फिनलंडवाले करून टाकलं.

"शेतकरी गडी, पण लई मोठा झाला," ते सांगायचे. "बिनजमिनीच्या लोकायला जमीन मिळंल असा कायदा केला. तब्येत ढासळली तसं पद सोडून घरी निघाला. ठेसनात जीव गेला, पण खुर्चीत न्हाई!" इथे ते हमखास उपरण्याने डोळे टिपायचे, आणि आम्ही पोरी ओढणीआड हसायचो.

मग दुष्काळ पडला. जनावरं छावणीत गेली, दूध आटलं, आणि तात्यांनी टँकरचा कारभार अंगावर घेतला. नियम त्यांचाच: आधी येईल त्याचा हंडा आधी, वस्ती कुठलीही असो. आम्ही बौद्ध वस्तीतले. त्या नियमावर माझ्या आईचा फार भरवसा होता.

एक दिवस ती रिकामी परतताना तात्या समोर आले.

"कावून बाई, रिकामा हंडा?"

"पहाटं नंबर लावलाता, तात्या. पण चेअरमनचे म्हणून लोक तुमच्या घरचे हंडे पुढं सारतात. त्येच्यामागं तुमच्या भावकीचे. आमच्यापर्यंत पाणी उरत न्हाई."

तात्यांना खरंच ठाऊक नव्हतं. घरात पाणी येत होतं, कसं येतं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ते तिथेच दगडावर टेकले. "लोकायला फिनलंड सांगत बसलो मी," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेअरमनपद सोडलं. लोकांनी मनधरणी केली, पण तात्या हंडा घेऊन रांगेच्या शेवटी, माझ्या आईच्या मागे उभे राहिले. कुणी हंडा पुढे सरकवायला आला की खेकसायचे, "ठिव तिथंच!"

त्या दिवशी आईचा हंडा भरला आणि टँकर संपला. तिने आपला हंडा उचलून त्यांच्या हंड्यावर कलता धरला, आणि थांबली. आमच्या घरचं पाणी त्यांच्या घरात कधी गेलेलं नव्हतं.

"चालंल का, तात्या?"

सगळी रांग बघत होती. तात्यांची मान खाली गेली. त्यांनी हंडा दोन्ही हातांनी पुढे केला.

"आजपासून चालंल," ते म्हणाले. शरमेने आवाज इतका बसला होता की आईलाच जेमतेम ऐकू गेलं.

फिनलंडची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी सांगितली नाही.