मावशींचा शुक्रवार

दळण झालं की मावशी डब्यातलं पीठ चिमटीत घ्यायच्या, अंगठ्यानं बोटावर दोनदा चोळायच्या आणि समोरच्या बाईकडं न बघता म्हणायच्या, "बघा. पन मधल्या सुट्टीत घरी या."

हे पिठाबद्दल नव्हतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पीठ नेहमी बरोबर असायचं. हे शुक्रवारी लागलेल्या नव्या सिनेमाबद्दल होतं. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मावशींची गिरणी होती. गल्लीतल्या घरांनी कुठला सिनेमा बघायचा, कुठला सोडायचा आणि कुठल्यातून अर्ध्यात उठून यायचं, हे त्या चिमटीवर ठरायचं.

असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल आणि तुम्हाला त्याचं कौतुक असेल. मला नव्हतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि अकरा वर्षांपासून एका स्थानिक दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत सिनेमाची परीक्षणं लिहितो. सहाशे शब्द. शुक्रवारी संध्याकाळचा खेळ बघायचा, शनिवारी सकाळी लिहून पाठवायचं. कथा, पटकथा, छायाचित्रण, पार्श्वसंगीत, सगळ्यांना न्याय द्यायचा. रविवारी अंक दारात पडला की बायको तो उचलून माझ्यापुढं ठेवायची आणि विचारायची, "मावशींनी काय सांगितलं, कळलं का?"

मी जळायचो. चांगला शब्द शोधत बसत नाही, जळायचोच.

मावशींचं बोलणं तोकडं का, याचंही कारण गिरणीच होती. पट्टा फिरत असताना तिथं लांबलचक वाक्य टिकायचं नाही. एकीचं दळण संपून दुसरीचं टाकेपर्यंत जेवढी उसंत मिळायची, तेवढ्यात मत सांगून मोकळं व्हावं लागायचं. मला कुणी असं गिरणीत उभं केलं असतं तर माझी प्रस्तावनासुद्धा झाली नसती.

सिनेमाचा नादही त्यांना गिरणीमुळंच लागला. देखभालीसाठी म्हणून दर शुक्रवारी बारा ते तीन आमच्या भागाची लाईट जायची. गिरणी बंद. मावशी एकट्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी उदगीरला दिलेली. पत्र्याच्या खोलीत उकडत बसण्यापेक्षा थेटरात गारवा असतो, एवढ्या हिशोबानं त्या पहिल्यांदा गेल्या. मग दर शुक्रवारी जायला लागल्या. केसांतलं पीठ पदरानं झटकायचं, कनवटीला भाजलेल्या शेंगा बांधायच्या आणि साडेबाराचा खेळ गाठायचा. साडेतीनला परत येऊन पट्टा चढवला की निकाल सुरू. मी संध्याकाळी सहाच्या खेळाला खुर्चीत बसायच्या आत माझ्या सिनेमाचं भवितव्य गल्लीत ठरून गेलेलं असायचं.

एकदा एक मोठा ऐतिहासिक सिनेमा आला. हत्ती, घोडे, मशाली. मी त्याच्या भव्यतेवर दोन परिच्छेद लिहिले. मावशी म्हणाल्या, "वाड्यात एवढी मानसं, अन् जातं कुटं दिसलं न्हाई. ह्यांला खायला कोन घालतं?" सोमवारी स्टाफरूममध्ये आमच्या इतिहासाच्या सरांनी हेच वाक्य स्वतःचं म्हणून ऐकवलं आणि सगळे हसले. मी सुद्धा हसलो. घरी येऊन भव्यतेवरचे माझे दोन परिच्छेद पुन्हा वाचले.

एका भुताच्या सिनेमाला मी दोन तारे दिले होते. तंत्र जुनं आहे, वगैरे. मावशींचं मत, "भूत बरं हाय बिचारं. सासू बघा." त्या रविवारी गल्लीतल्या अकरा बाया रिक्षा करून सासू बघायला गेल्या. त्यांत माझी बायको होती. परत आल्यावर ती स्वयंपाक करता करता एकटीच हसत होती. तिला हसताना पाहून आनंद व्हायला हवा होता. पण हे हसू दुसऱ्या कुणीतरी मिळवून दिलंय, एवढंच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

आता मी काय केलं ते सांगतो.

मी वीज कार्यालयात अर्ज द्यायचं ठरवलं. लाईट शुक्रवारऐवजी सोमवारी बंद ठेवावी, असा अर्ज. कारणं सज्जन होती. सोमवारी निम्म्या गल्लीला महादेवाचा उपास, म्हणजे दळणकांडण कमी, म्हणजे कुणाचीच गैरसोय नाही. खरं कारण अर्जात कुठं लिहितात? शुक्रवारी लाईट राहिली की गिरणी चालू राहणार. चालू लाईटीत मावशी कुलूप लावून जाणार नाहीत, कारण डब्यांची रांग दाराशी उभी असणार. सोमवारी हवं तर जाऊ द्या, तोवर माझा रविवार येऊन गेलेला असतो. आणि सोमवारी त्या जाणारच नाहीत, हेही मला माहीत होतं. मावशी लिंगायत, देवणीकडच्या. त्यांचा सोमवारचा उपास आणि देवळातली दुपार मी वीस वर्षं बघत होतो.

पहिली सही मी मुद्दाम त्यांचीच घ्यायला गेलो. गिरणीवाल्यांची सही असली की अर्जाला वजन येतं, असं मी स्वतःला सांगितलं. मावशींनी दोरीला बांधलेला चष्मा नाकावर चढवला आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचला. इतका वेळ लावला की मला वाटलं, अक्षरं जुळवत असतील. मग माझ्याकडं एकदा बघितलं आणि सही केली. पिठाचा अंगठा कागदाच्या कडेला उमटला.

"सोमवार मोकळा झाला की देवळात निवांत बसता येतंय," त्या म्हणाल्या.

महिन्याभरात वार बदलला. गल्लीनं माझं कौतुक केलं. सरांच्या ओळखी आहेत, सर गल्लीसाठी झटतात. मावशींनी बायकोबरोबर धपाट्याचं पीठ पाठवलं, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, सगळं मापात घालून दळलेलं. ते धपाटे मी दह्याबरोबर खाल्ले. चांगले झाले होते, पण तसं बायकोला सांगायचं मी टाळलं.

आता मैदान मोकळं होतं. मी वाट बघितली. तीन महिन्यांत मला एकाच माणसानं विचारलं. शेजारच्या काकू दारात भाजी निवडत होत्या. त्यांनी हाक मारून विचारलं, "सर, ह्या शुक्रवारचा बघावा का?" मी म्हणालो, की एका अंगानं पाहिलं तर दिग्दर्शकानं धाडस केलंय, पण दुसऱ्या अंगानं... काकूंची भाजी निवडून झाली, त्या ताट घेऊन आत गेल्या. बायाच सिनेमाला जायच्या थांबल्या. गिरणीवर आता भावकीच्या आणि गुडघ्यांच्या गोष्टी चालायच्या. शुक्रवारी दुपारी माझा शर्ट इस्त्री करताना बायको एकदा म्हणाली, "मावशींचा शुक्रवार गेला." एवढंच.

माझं लिहिणंही बिघडलं. सहाशे शब्द भरेनात. तेव्हा कळलं की अकरा वर्षं मी वाचकांसाठी लिहीत नव्हतो, मी गिरणीशी भांडत होतो. भांडायला कुणी उरलं नाही तर पार्श्वसंगीतावर किती लिहिणार?

मी पुन्हा कार्यालयात गेलो. साहेबांनी माझाच अर्ज काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, आता वर्षभर वार बदलता येणार नाही. मग एका शुक्रवारी सकाळचं कॉलेज आटोपून मी थेट गिरणीत गेलो आणि मावशींना म्हटलं, तुम्ही जा, साडेतीनपर्यंत गिरणी मी बघतो. त्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत न्याहाळलं.

"सर, दगड आवळायचं चाक कंचं, ते तरी म्हायती हाय का?"

नव्हतं माहीत. त्यांनी दाखवलं. चाक उजवीकडं फिरवलं की पीठ बारीक, सैल सोडलं की भरड. ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू, डाळ सगळ्यांत शेवटी. हे सांगून त्यांनी कनवटीला शेंगा बांधल्या आणि गेल्या. त्या दिवशी मी डाळीनंतर गहू टाकले आणि दोन घरांतल्या पोळ्या पिवळ्या झाल्या. भुवयांवर पीठ घेऊन मी घरी गेलो, तेव्हा बायको पदर तोंडाला लावून हसत होती. हे हसू मात्र माझं होतं.

पुढं दीड वर्ष दर शुक्रवारी मी गिरणीत बसलो; वर्षाची मुदत संपली तरी वार बदलायला पुन्हा गेलो नाही. मावशी परत आल्या की आधी माझ्या पिठाची चिमूट घ्यायच्या, मग मत सांगायच्या. आता ते सगळ्यांत आधी मला ऐकायला मिळायचं. त्यावर बायांच्या रांगेत मी भाव खायचो, हेही कबूल करतो. तरी जळणं थांबलं नव्हतं. संध्याकाळी मी तोच सिनेमा बघायचो आणि त्यांचं वाक्य पडद्यावर जागोजाग खरं ठरताना बघत बसायचो.

एका शुक्रवारी मला राहवलं नाही. गिरणीत दोघंच होतो, पट्टा थांबलेला. मी सांगून टाकलं, की तो अर्ज मी गल्लीसाठी दिला नव्हता, तुमचा शुक्रवार काढून घ्यायला दिला होता.

मावशींनी माझ्या दळणातलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं.

"जाड झालंय," म्हणाल्या आणि चाक थोडं आवळलं. मग म्हणाल्या, "मला म्हायती होतं. मी वाचल्याबिगर सही करत न्हाई."

मी विचारलं, मग केली कशाला?

"तुमच्या मंडळी आल्त्या माझ्याकडं, तुम्ही यायच्या आधी. म्हनल्या, मावशी, पिक्चरचं सोमवारपासून सांगत जावा. ह्यांचं रविवारी येतंय, ते कुनी वाचंना झालंय. शनिवारी नीट जेवत न्हाईत." त्यांनी हात झटकले. "म्हनलं, सांगायचं थांबवन्यापरीस जायाचंच थांबवू. बघून आल्यावर मला गप बसवत न्हाई."

रविवारी अंक माझ्यापुढं ठेवून मावशींचं मत विचारणारी बायको माझ्यासाठी पदर पसरायला गिरणीत गेली होती. आणि जिच्यावर मी वर्षानुवर्षं जळलो, तिनं तिची आठवड्यातली सिनेमाची दुपार मला देऊन टाकली होती. वर धपाट्याचं पीठ पाठवलं होतं. तेवढ्यात कुणीतरी डबा घेऊन आलं आणि मावशींनी पट्टा चढवला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मावशींचे गुडघे गेले. मुलगी येऊन त्यांना उदगीरला घेऊन गेली. तिथं त्या गेल्या वर्षी वारल्या. आम्ही दोघं जाऊन आलो. मुलगी म्हणाली, शेवटी शेवटी मोबाईलवर सिनेमे बघायच्या, पण खूश नव्हत्या. म्हणायच्या, शेजारी माणूस नसलं की मत कुणाला सांगावं.

गिरणीच्या जागी आता झेरॉक्सचं दुकान आहे. गल्लीत बहुतेक घरी घरघंटी आली. मी अजून लिहितो. गल्लीतल्या बायांना माझं एकही वाक्य आठवत नाही, मावशींची पंचवीस तरी पाठ आहेत. एखादी बाई भुताच्या सिनेमाचा विषय निघाला की "सासू बघा" म्हणते, आणि मी अजून तसाच जळतो.

परवा शुक्रवारी संध्याकाळचा खेळ बघून घरी आलो. बायको परातीत पीठ घेत होती. तिनं विचारलं, कसा होता? मी चपला काढता काढता सुरू केलं, की एका अंगानं पाहिलं तर. तिनं पिठाचा हात वर केला.

"तुमचं रविवारी वाचीन. मावशी काय म्हणाल्या असत्या, ते सांगा."

मी परातीतलं पीठ चिमटीत घेतलं, चोळलं आणि सांगितलं. एकच वाक्य होतं, आणि ते बरोबर होतं. सहाशे शब्दांत ते घालायचा मोह मला शनिवारी सकाळी फार झाला, पण मी ते लिहिलं नाही. ते त्यांचं होतं.