खिळ्यांची फळी

करमाडच्या खानावळीत मी रोज जेवायचो. तिथं कामाला असलेल्या एका बाईला भांड्यांशी, भाज्यांशी बोलायची सवय होती. कारखान्यातल्या मशीनमध्ये तिचा डावा हात मनगटापासून गेला होता. ती पाणी वाढायची, पण नजर भाजी चिरणाऱ्यांकडं असायची. एकदा हौसेनं चिरायला बसली, तर कांदा घरंगळत चुलीपाशी गेला. "लई पळतो रं तू," त्याला एवढंच म्हणाली आणि पुन्हा पाण्याचा जग उचलला.

एके दिवशी तिनं मला दारातूनच हाक मारली, "भाऊ, आधी हिकडं या!" सुताराकडून तिनं फळी करून आणली होती, मधोमध दोन टोकदार खिळे वर आलेले. तिनं कांदा खिळ्यांवर दाबून बसवला आणि सपासप चाकू चालवला. कांदा जागचा हलला नाही.

"पळ की आता! पळ!"

मालकीणबाईंनी हसत अख्खी टोपली तिच्यापुढं सरकवली. वांगी झाली, बटाटे झाले, ती थांबायलाच तयार नव्हती. एक टमाटा डगमगला, म्हणून मी धरायला हात पुढं केला.

"बोटं काढा भाऊ," ती ओरडली, "नायतर तुमच्यासाठीबी फळी करावी लागंल!"

आणि सगळ्यांच्या आधी तीच खदखदून हसली.