दुखऱ्या खांद्याची बंदूक

"थोडक्यात मजा आहे, बाय," असं म्हणून चाचा कँटीनमध्ये अर्धा कप चहा मागवायचे. तो संपला की पुन्हा अर्धा, मग आणखी अर्धा. हिशेब करायला गेलं तर आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त चहा त्यांच्याच पोटात जायचा, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

दुबईच्या पुढे रास अल खैमातल्या आमच्या टाइल्सच्या कारखान्यात ते क्वालिटीचे सुपरवायझर होते आणि मी अकाउंट्सला. राहायलाही एकाच इमारतीत, मी तिसऱ्या मजल्यावर, ते आणि चाची चौथ्या. मूळचे महाडकडचे. सहा फुटांचा देह, त्याला साजेसं पोट आणि दारातून येताना किंचित वाकायची सवय. तुम्ही त्यांना एकदा बिर्याणी खाताना पाहिलं असतं, तर या माणसाला थोडक्याशी काय घेणं, असं तुम्हालाही वाटलं असतं.

म्हणूनच त्यांच्या हातात ती लहानशी बंदूक पाहिली की लोकांना हसू यायचं. गावापासून अर्ध्या तासावर वाळवंटात एक शूटिंग क्लब आहे. रानातली पाखरं मारायला इथे बंदी, तेव्हा हौस भागवायची ती मातीच्या पाखरांवर. बशीएवढ्या नारिंगी चकत्या यंत्र हवेत भिरकावतं आणि आपण त्या फोडायच्या. बाकीचे 'पुल' म्हणून ओरडतात, चाचा 'सोड' म्हणायचे. बटण दाबणाऱ्या फिलिपिनो माणसाला तो शब्द अरबी वाटायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या अरबांना फिलिपिनो. सगळ्यांच्या हातात बाराची, म्हणजे बारा बोअरची बंदूक, आणि सगळ्यांत आडदांड असलेल्या चाचांच्या हातात अठ्ठावीसची, खेळण्यातली वाटावी अशी.

आता अठ्ठावीस म्हणजे बारापेक्षा मोठी असणार, अशी माझी समजूत. मी तसं बोलून दाखवल्यावर चाचांनी कपाळाला हात लावला. एक रत्तल शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत बसेल ती बाराची. अठ्ठावीस केले तर गोळा लहान आणि नळीही लहान. "बेसन तेवढंच, बाय. लाडू किती वळतेस त्यावर आहे," ते म्हणाले. अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढून आकडा वाढला की वस्तू लहान होते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

पण मला खरं कुतूहल होतं ते वेगळंच. कंपन्या-कंपन्यांमध्ये दरवर्षी नेमबाजीची स्पर्धा असते. चाचांनी बाराच्या बंदुकीवर ती लागोपाठ जिंकलेली होती आणि ते कप त्यांच्या केबिनमधल्या कपाटावर धूळ खात होते. मग एका वर्षी अचानक त्यांनी अठ्ठावीस धरली आणि तेव्हापासून दरवर्षी हरत आले. असं का?

मी चौकस बाई आहे. आमच्या घरी याला भोचक म्हणतात. मी विचारत सुटले तर दर माणसाकडे वेगळं उत्तर. आमच्या मल्याळी मॅनेजरना सांगितलं होतं की खांदा दुखतो, बाराचा धक्का सोसत नाही. क्लबमधल्या अरब अधिकाऱ्याला सांगितलं की आजोबांची बंदूक अशीच होती. मला मात्र ते लहानपणात घेऊन गेले. महाडकडच्या डोंगरात वडलांच्या मागे लाव्यांच्या शिकारीसाठी दिवसभर चालायचं, तर जड बंदुकीने जीव नको व्हायचा. बाराच्या छऱ्यांनी पाखराची चाळण होते आणि जेवताना दात पडायची पाळी. लहान बंदूक हलकी, पाखरू उठल्याबरोबर खांद्याला येते. छर्रे कमी, तेव्हा जवळ जावं लागतं आणि नेम नीट धरावा लागतो. चुकलं तर पाखरू सुखरूप. "त्यालापण चान्स पाहिजे ना," ते म्हणाले. सगळं मला पटलं, फक्त त्यांच्या घरात एकच बंदूक होती आणि ती आजोबांपासून चालत आलेली ठासणीची होती, हेही त्यांनीच मला पूर्वी सांगितलेलं होतं. लहान बंदूक त्यांनी गावी पाहिली असण्याची शक्यता कमीच.

एका रविवारी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. तिथे नवीनच गोष्ट कळली. चाचीही नेम धरायची. एवढीशी बाई, ओढणी घट्ट बांधलेली, चष्मा नाकावर. दोघांत एकच बंदूक, आळीपाळीने. ती उभी राहिली की चाचा मागे तिची पर्स सांभाळत उभे. 'सोड' तीही म्हणायची, पण हळू आवाजात, आणि चकती फुटली की मागे वळून आधी नवऱ्याकडे बघायची. चाचांपेक्षा तिच्याच जास्त फुटत होत्या. येताना गाडीत ती एकटीच बोलत होती, वारा कुठून होता, शेवटची कशी निसटली. हीच बाई काही वर्षांपूर्वी दार वाजवलं तर फटीतून बोलायची, हे मला आठवत होतं.

पुढच्याच आठवड्यात इमारतीची लिफ्ट बंद पडली. मी जिना चढत होते तर वरून धापा टाकल्याचा आवाज. बघते तर चाचा पाण्याची मोठी बाटली, ती कूलरवर उलटी ठेवतात ती, घेऊन चाललेले. कुठे, तर उजव्या खांद्यावर. ज्या खांद्याला बंदुकीचा धक्का सोसत नाही, त्याच. मी त्या खांद्याकडे बघत राहिले. चाचांनी बाटली खाली ठेवली आणि पायरीवर बसले.

"तिला बोलू नकोस, बाय," ते म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं. मुलगा कॅनडाला गेला आणि फोनवर 'आय ॲम फाइन, अम्मी' याच्यापुढे बोलेनासा झाला. त्यानंतर चाची घरात बसली ती बसलीच. पडदे ओढलेले, टीव्ही बंद. बर दुबईला कापड घ्यायला जाऊ म्हटलं तरी नको. डॉक्टर झाले, दुवा झाल्या. एक दिवस त्यांनी तिला जवळजवळ ओढतच क्लबवर नेलं. तिने बाराची बंदूक एकदा उडवली, धक्क्याने मागे चाचांच्या अंगावर आली, तिचा खांदा काळानिळा. पण चकती फुटली होती. घरी येताना तिने आपणहून विचारलं, पुन्हा कधी जायचं?

"कित्येक महिन्यांनी आवाज ऐकला मी तिचा," चाचा म्हणाले. "लहान बंदूक दिली असती, पण तिचा स्वभाव तुला माहितीये. बायकांची म्हणून वेगळी दिली असती तर परत आली नसती. म्हणून मीच म्हटलं, माझा खांदा गेला, मोठी झेपत नाही. आता दोघांची एकच."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं आणि तसं मी तिथेच सांगून टाकलं. त्यांनी "यल्ला, यल्ला", चल चल, करत बाटली उचलली, दुसऱ्या खांद्यावर.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षीची स्पर्धा आली. व्हिसा संपत होता, म्हणजे हीच शेवटची. मॅनेजर मागे लागले की चाचा, एक दिवस, फक्त एक दिवस बारा घ्या, खांद्याला पेनकिलर लावू. स्पर्धेच्या दिवशी त्यांनी बाराची बंदूक चाचांच्या हातातच दिली. चाचांनी ती तोलून पाहिली, नळीवरून बोट फिरवलं. त्यांना ती हवी होती. कुणालाही दिसलं असतं. चाची समोर खुर्चीत बसून सरबत पीत होती. चाचांनी खांदा चोळला, तोंड वेडंवाकडं केलं आणि बंदूक परत दिली. अठ्ठावीस घेऊन ते हरले, थोडक्यात हरले. मॅनेजर आठवडाभर फुरंगटून होते.

मग दोघं गावी गेली. तिकडे ना क्लब ना मातीची पाखरं, आणि रानातल्या पाखरांवर आता तिथेही बंदी. चाचा फोनवर म्हणायचे की बंदूक नाही तर नाही, रोज सकाळी दोघं डोंगराकडे जातो, पाखरं उठवतो आणि नुसती बघतो. त्यात छर्रेच लागत नाहीत, थोडक्यात मजा. वर्ष झालं नसेल तोच एका दुपारी झोपेतच ते गेले.

मला चाचांचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त धास्ती चाचीची होती. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस ती घराबाहेर पडणार नव्हती, ती रीतच आहे. मी फोन करायची. ती 'हं', 'बरी आहे' एवढंच बोलायची. मला ते पडदे ओढलेलं घर दिसायचं. इद्दत संपल्यावर फोन केला तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कॅनडात मुलाला मेसेज केला, त्याचं उत्तर आलं, "शी इज फाइन, आय थिंक."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचाच फोन आला. इतका वारा की शब्द कळेनात. कुठे आहेस, म्हटलं.

"डोंगरावर. फोन घरी राहतो माझा, आज लक्षात ठेवून आणला." तिला दम लागला होता. म्हणाली, "यांचा खांदा कधीच दुखत नव्हता गो. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

मी फोनचा आवाज वाढवला.

"एवढं नाटक केलं माणसाने मला बाहेर काढायला. आता आत जाऊन बसले तर फुकट जाईल ते," चाची म्हणाली. मग म्हणाली, समोर गवतातून लावे उठलेत, बघू दे जरा. आणि तिने फोन ठेवला.